चौथा क्रोमोसोम आणि आत्याचं घंगाळ

आधी रोशनबाईंचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. देवळाली कॅम्पातल्या ज्या पारशी बंगल्यात माझी आई स्वयंपाकाला होती, त्या घरची ही धाकटी लेक. विलायतेत डॉक्टर होती, पण रोगी तपासणारी नव्हे, काचेच्या बाटल्यांत पेशी वाढवणारी. तिच्या लहान मुलीला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. म्हणून सहावीत शाळा सुटलेल्या, सोळा वर्षांच्या मला ती घेऊन गेली. पासपोर्ट तिने काढून दिला, परमिट तिने मिळवलं, अंगातला कोट तिच्या आईचा होता. तिने माझ्यासाठी आणखी काय केलं ते पुढे येईल, आणि ते लिहिताना मला मान खाली घालावी लागणार आहे.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बंगल्यासमोर टॅक्सी उभी होती आणि मी मागच्या दारी आईपाशी. गावाबाहेर निघालेल्या मुलींना आया सांगतात, जपून राहा, वेळेवर जेव, पत्र टाक. माझ्या आईने यातलं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "शिकून मोठी हो असं मी म्हणत नाही. विसरू नको, एवढंच." आणि दादांच्या हातची तांब्याची कळशी तिने माझ्याकडे दिली. काय विसरायचं नव्हतं ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. गल्लीतल्या ज्या बायका हे वाचतील त्यांनाही माहीत आहे. बाकीच्यांसाठी लिहिते.

आमचं घर जुन्या नाशकातल्या तांबटांच्या गल्लीत. सकाळी सातपासून गल्लीभर ठोके. नवीन माणसाला तो नुसता गोंगाट वाटायचा, पण आम्हा पोरींना डोळे मिटूनही कळायचं, हा ठोका कुणाच्या घरचा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मठारकामात पहिल्या नंबरचे. मठारणं म्हणजे भांडं घडवून झालं की हातोडीने त्यावर बारीक बारीक ठोक्यांच्या ओळी उठवायच्या, एकाला एक लागून, सारख्या खोलीच्या. दादांच्या घागरीवरून बोट फिरवलं तर एकही ठोका वेगळा लागायचा नाही.

मी पाचवीत असताना त्यांची हातोडी चुकायला लागली. आधी एखादा ठोका, मग ओळच्या ओळ. मग चालताना खांदा उडायला लागला, बोटं आपोआप हलायला लागली. रागही अनावर व्हायचा. गिऱ्हाईक म्हणालं, पितात. दादा पीत नव्हते.

दादांची थोरली बहीण, अनसूयाआत्या, आमच्याच घरात राहायची. तिचा नवरा घरजावई. तिने एक दिवस ओसरीवर गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "माझ्या भावाला हिनं काहीतरी खाऊ घातलंय. माहेराहून पुडी आणली हिनं. नवरा मुठीत राहावा म्हणून करायला गेली आणि हे झालं." आई पिठाच्या हाताने तशीच बाहेर आली. तिला वाटलं आत्या चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. चार जाणत्यांनी ठरवलं, हिने देवीपुढे उचलावं. आमच्याकडे अशी रीत होती. ओल्या लुगड्याने देवळात जायचं, देवीसमोरचं हळदकुंकू मुठीत उचलून शपथ घ्यायची, आणि सव्वा महिना वाट बघायची. तेवढ्यात माणूस सुधारला तर बाई खरी. आईने उचललं. मी मागे तांब्या घेऊन उभी होते. थंडीचे दिवस होते, तिच्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं आणि ती अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी माझ्या नवऱ्याला अन्नाशिवाय काही घातलेलं नाही."

सव्वा महिन्यात दादांना हातात वाटी धरता येईनाशी झाली. म्हणजे आई खोटी. आम्हा दोघींची बोचकी आत्याने स्वतः ओसरीवर आणून ठेवली. माझी शाळा तिथे संपली. दोन वर्षांनी दादा गेले, तेव्हा आई देवळालीहून धावत गेली, तर दाराला आतून कडी. तोंड बघू दिलं नाही. आई रस्त्यावर उभी राहून म्हणाली, "वन्सं, एकदा तरी उघडा." कुणी उघडलं नाही. गल्लीतल्या बायांनो, तुम्ही खिडक्यांतून बघत होतात. मी एकेक खिडकी लक्षात ठेवली आहे.

विलायतेतलं आमचं शहर जुन्या सूतगिरण्यांचं. विटांची काळी घरं आणि बारा महिने ओला रस्ता. रोशनबाईंची मुलगी शाळेत जायला लागली तसं त्यांनी मला आपल्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लावलं. भांडी घासणं माझ्या रक्तातलं. तिथली मंडळी म्हणायची, या मुलीने धुतलेल्या काचेत काच दिसतच नाही.

तिथे माणसाच्या आणि उंदराच्या पेशी एकत्र करत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शिसारी आली. रोशनबाई म्हणाल्या, "अरे, घाबरते कशाला तू? उंदीर काय तुझ्या ताटात बसणार आहे?" दोन्ही पेशी एका रसायनात शेजारी शेजारी आणल्या की त्यातल्या काही एकमेकींत मिसळून एकच पेशी होते. मग त्यांना असं मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ अन्न, पाजायचं की ज्यात न मिसळलेल्या उंदराच्या पेशी मरतात आणि मिसळलेल्या तेवढ्या तगतात. ही संकरित पेशी वाढत जाते तसे तिच्यातले माणसाचे क्रोमोसोम, म्हणजे ज्या धाग्यांवर आपला वंश लिहिलेला असतो ते, एकेक करून गळत जातात. उंदराचे राहतात. कुठल्या बाटलीत माणसाचे तीन उरतात, कुठल्या बाटलीत सात, प्रत्येकीत वेगळे.

"आणि याचा उपयोग काय?" मी विचारलं.

"चोर पकडायला," त्या म्हणाल्या. "गल्लीत चोऱ्या होतात. एकेक माणूस गाव सोडून जातो. ज्याच्या जाण्याने दर वेळी चोऱ्या थांबतात, आणि ज्याच्या असण्याने दर वेळी होतात, तो चोर. आपण बाटल्या बघायच्या. अमका क्रोमोसोम आहे तिथे ही खूण सापडते, नाही तिथे सापडत नाही. मग खूण त्याच्यावरच बसलेली."

हे मला लगेच पटलं. चोर पकडायची भाषा मला नीट कळत होती.

मीही त्या बाटलीतल्या पेशीसारखीच होत चालले होते म्हणा. आधी चतुर्थीचा उपास गळला, मग वेणी, मग स्वप्नात इंग्रजी बोलायला लागले. दुकानात 'सॉरी' आधी तोंडात यायचं आणि माझी चूक काय ते मागून शोधायची. गल्लीतल्या ठोक्यांचे आवाज ओळखणं गेलं. आत्या मात्र गेली नाही. रात्रंदिवस डोक्यात होती, तवा तापावा तशी.

एकदा लॅबच्या मोठ्या खोलीत कुणा पाहुण्याचं भाषण होतं आणि मी कप गोळा करायला गेले होते. पडद्यावर बिनआवाजाची फिल्म चालू होती. एक गोरा माणूस दाराकडून खुर्चीपर्यंत चालत येत होता. खांदा उडत होता, बोटं पेटी वाजवावी तशी हलत होती, पाय नाचऱ्यासारखा पडत होता. माझ्या हातातला ट्रे खाली गेला. ते दादा होते. रंग वेगळा, पण चाल तीच.

संध्याकाळी रोशनबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. कोरिया, म्हणजे अंग आपोआप नाचवणारा, वंशातून येणारा आजार. आईकडून किंवा बापाकडून येतो, ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला निम्मा धोका. चाळिशीच्या आसपास दिसायला लागतो, कधी लवकर, कधी फार उशिरा. कुणी खाऊ घालून होत नाही, कुणी ओवाळून जात नाही. मी एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या आजोबांना किंवा आजीला असणार?" त्या हो म्हणाल्या.

आजी सत्तरी गाठून साध्या तापाने गेली, ते सगळ्यांनी बघितलेलं. आणि आजोबा, तात्या? ते काशीला गेले आणि तिकडेच वारले, असं आत्या सांगायची. दादा तेव्हा लहान होते. आत्या थोरली. तिला माहीत होतं! जिने माझ्या आईला हळदकुंकू उचलायला लावलं, तिला माहीत होतं.

तुम्ही विचाराल, निम्मा धोका ऐकल्यावर स्वतःचा विचार आला नाही का? आला, पण मागून. आधी आला तो आनंद. आता माझ्याकडे तिच्याविरुद्ध काहीतरी होतं.

त्या दिवसापासून मी झपाटल्यासारखी काम करू लागले. बाटल्या धुता धुता पेशींना मीडियम पाजायला शिकले, त्या गोठवायला शिकले, क्रोमोसोम मोजायला शिकले. आणि अति उत्साहात एक घाण करून बसले. ऊर्ध्वपातित पाणी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ठेवायचे, ते मला बरं दिसेना. पाणी शुद्ध राहायचं तर तांब्यात ठेवावं, हे तांबटाच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. दादांची कळशी चिंचेने लख्ख घासून मी त्यात ते पाणी भरलं. त्याच पाण्याने मीडियम बनलं. आठवड्यात संकरित पेशींच्या बाटल्या एकामागून एक मेल्या, काहींची तर गोठवलेली जोडही नव्हती, त्या कायमच्या गेल्या. माणसाच्या पोटाला जे मानवतं ते बाटलीतल्या उघड्या पेशीला मानवत नाही. तांबं उतरलं पाण्यात, आणि मेल्या.

रोशनबाईंनी कळशी बघितली आणि सगळं ओळखलं. माझं परमिट तेव्हा नोकरीवर लटकलेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, पाण्याची जबाबदारी माझी होती, चूक माझी. त्यांना मिळणार होतं ते वरचं पद, स्वतंत्र खोलीसकट, दुसऱ्याला गेलं. पुढे कित्येक दिवस लोक हसून म्हणायचे, यांच्या हाताखाली पेशी जगत नाहीत. घरी येऊन मी रडले, तर म्हणाल्या, "सेल मेले, माणूस नाय मेला. कळशी घरी ने. चहाला पाणी ठेव त्यात."

मी गप्प राहिले. तेव्हाही आणि नंतरही.

काही वर्षांनी अमेरिकेतल्या मंडळींना त्या आजाराबरोबरच वंशातून उतरणारी एक खूण सापडली. ती कुठल्या क्रोमोसोमवर, हे अशाच संकरित पेशींनी सांगितलं. आमच्याकडेही आमच्या बाटल्यांवर ते पडताळून पाहिलं, आणि त्या बाटल्या मी वाढवलेल्या होत्या. चौथा क्रोमोसोम. चौथा असेल तिथे खूण, नसेल तिथे नाही, एकही अपवाद नाही. कुठल्या बाटलीत काय सापडलं तो तक्ता मी हाताने उतरवून घेतला आणि नाशिकचं तिकीट काढलं. अकरा वर्षांनी.

चैत्र होता. आत्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं, गल्लीतली एकूण एक बाई येते, हे माझ्या डोक्यात होतं. मला तेच हवं होतं. देवळालीहून आईला घेऊन गेले. विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं, म्हणून आई उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी आत गेले. बायका कुजबुजल्या, मग कुणीतरी ओळखलं, "अगं, ही जनाभाऊची कुसुम!" मला आंब्याची डाळ दिली, पन्ह्याचा पेला दिला. आत्या गौरीपाशी बसली होती. साठीची. लुगड्याच्या काठाखाली तिच्या पायाची बोटं हलत होती, एकेक, पेटी वाजवावी तशी. मी ती बघितली आणि मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण खोटं कशाला लिहू?

मी तक्ता काढला. मोठ्याने सांगायला लागले, उंदराच्या पेशी, माणसाच्या पेशी, चौथा क्रोमोसोम. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "विलायतेत राहून डोकं फिरलं वाटतं हिचं." आत्या हसली. "उंदरानं सांगितलं होय गं तुला? आमचे तात्या काशीला गेले. धडधाकट गेले."

माझा सगळा अभ्यास तिथे संपला. त्या बायकांना माझ्या कागदातलं काही कळत नव्हतं आणि ती चूक त्यांची नव्हती. मी गोंधळून खाली बघितलं. समोर भिजवलेल्या हरभऱ्यांचं घंगाळ होतं, काठावर तात्यांचं नाव घातलेलं. आत्याच्या लग्नात त्यांनी स्वतः घडवून दिलेलं. मी हरभरे परातीत ओतले आणि घंगाळ बायकांच्या मधोमध पालथं घातलं.

बुडाकडच्या ओळी सरळ होत्या. काठाकडे येता येता ठोके एकमेकांवर चढलेले, मधेच सुटलेले, एका ठिकाणी तर पत्र्याला पोचा पडलेला. माझा कागद वाचता येत नव्हता त्यांना, पण हे प्रत्येकीला वाचता येत होतं. सगळ्या तांबटांच्या लेकी आणि सुना.

समोरच्या घरची म्हातारी गोदाकाकू पुढे सरकली. बोट फिरवलं. "हे तर जनाच्या हातासारखं झालंय," ती म्हणाली. मग आत्याकडे बघून, "तुझ्या लग्नात मी विचारलं होतं, तात्यांच्या हाताला काय झालं? तू म्हणालीस, डोळ्यांना कमी दिसतंय."

तेवढ्यात आई उंबरा ओलांडून आत आली. कुणी अडवलं नाही. तिने गौरीपुढचं कुंकवाचं ताट उचलून आत्याच्या पुढ्यात धरलं. "वन्सं, आता तुम्ही उचला. म्हणा, तात्या धडधाकट होते."

आत्याने हात पुढे केला. तो ताटाच्या काठावर इतका थरथरला की कुंकू तिच्याच मांडीवर सांडलं. मग ती बोलली. "काशीला नाही गेले. मागच्या खोलीत होते. चार वर्षं." आणि मग, "माझ्या धाकट्या पोरांची लग्नं व्हायची होती गं. मी काय करणार होते?"

आई म्हणाली, "मला सांगायचं होतंत. मीसुद्धा झाकलं असतं तुमच्याबरोबर."

एवढंच म्हणाली. माफ केलं नाही. आजही केलेलं नाही.

मला वाटलं, आता जिंकले. पन्ह्याचा पेला उचलला. आणि बघते तर खोलीतल्या सगळ्या बायका माझ्या हाताकडे बघत होत्या. आत्याच्या नाही, माझ्या. गोदाकाकूने हळूच पेला माझ्या हातातून घेतला, अगदी मायेने. "दे गं बाई, मी धरते." मी जे सिद्ध करायला एवढी लांबून आले होते, ते सिद्ध झालं होतं. मीही तात्यांचीच नात.

पुढचं थोडक्यात. आत्याच्या मुलाने, वसंताने, आपल्या मुलीचं लग्न ठरवलं होतं, ते महिन्याभरात मोडलं. नंतर विलायतेत ती खूण बघून धोका आहे का नाही हे सांगायची सोय झाली. पण एकट्या माझ्या रक्तावरून ते अजूनही सांगता येत नाही, घरात ज्याला आजार दिसतोय त्याचं रक्त हवं होतं. म्हणजे आत्याचं. मी वसंताला लिहिलं, तुझ्या पोरांच्याही उपयोगी पडेल. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: आमची अब्रू नेलीस, आता रक्तही पाहिजे का? मी पुन्हा लिहिलं. पुन्हा लिहिलं. आत्या गेली. तिच्याबरोबर माझं उत्तरही गेलं.

त्यामुळे मी दर सकाळी दोन्ही हात पसरून बघते. चहाचा कप बशीवर वाजला तर दिवसभर घाबरलेली असते. मनात येतं, हात जोडून आधी रक्त मागितलं असतं आणि सूड नंतर घेतला असता तर? पण मी माझ्या आईला ओल्या लुगड्यात बघितलंय. पुन्हा तो चैत्र आला तर पुन्हा घंगाळ पालथं घालीन.

आईने देवळालीची नोकरी सोडली आणि दादांच्या वाट्याची पुढची ओसरी मागून घेतली. ती रोज तिथेच बसते, जिथे आमची बोचकी ठेवली होती. वसंताच्या घरच्यांना जाता येता तिच्यावरून जावं लागतं. ती कुणाला काही बोलत नाही, नुसती तांदूळ निवडत असते. घर म्हटलं की आता मला आई तिथे बसलेली दिसते. ते घर मला राहायला नको. तिने तिथे बसलेलं असावं, एवढंच हवं. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना हे कळेल. आपण गाव सोडतो आणि आपल्या वतीने तिथे कुणीतरी बसून असतं.

आणि रोशनबाई. त्या आता निवृत्त झाल्या. हा मराठी मजकूर त्यांना वाचता येणार नाही, मी वाचून दाखवणार आहे, आणि तेव्हा आवाज कापेल तो आजाराने नव्हे. गल्लीतल्या एका बाईने स्वतःचं घर वाचवायला दुसरीवर आळ राहू दिला, म्हणून मी तिला अकरा वर्षं शिव्या दिल्या. आणि मी? परमिटच्या भीतीने माझा आळ रोशनबाईंवर राहू दिला. परमिट पक्कं झाल्यावरही राहू दिला. त्या लॅबमध्ये अजून त्यांचंच नाव घेऊन हसतात.

रोशनबाई, मी एक दिवस त्या मोठ्या खोलीत जाईन, तुम्हाला पहिल्या रांगेत बसवीन, आणि सगळ्यांसमोर सांगीन की त्या पेशी मी मारल्या. हात साथ देत आहेत तोवरच सांगीन.